घरखर्च कमी, सोय तशीच : सांगली-मिरजेतले तुम्ही कसं जमवता?

शाळूची_भाकरी

घरखर्च कमी करायचा विषय निघाला की सल्ले ठरलेले असतात. पहाटे उठून मंडईत जा, चार दुकानांत भाव काढा, बाहेरचं खाणं बंद करा. दोघंही नोकरीला असलेल्या घरात यातलं फार दिवस काही चालत नाही. थोडे दिवस उत्साह राहतो, मग पुन्हा संध्याकाळी दमून आलं की मोबाइलवरून मिळेल ते मागवलं जातं. माझं स्पष्ट मत आहे की जी काटकसर रोज आठवणीनं करावी लागते ती गळून पडते. एकदा घडी बसवून दिली की जी आपोआप होत राहते, तीच वर्षानुवर्षं टिकते. आणि घडी नीट बसली तर पळापळ उलट कमीच होते.

आमच्या घरची पद्धत सांगते. विश्रामबागला राहतो, घरी सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. महिन्याचा किराणा गणपती पेठेतल्या एकाच दुकानातून येतो. यादी व्हॉट्सॲपवर कायमची करून ठेवली आहे, दर महिन्याला फक्त आकडे बदलायचे. दुकानदार माल काढून ठेवतात, त्यांचा माणूस घरी पोच करतो, पैसे यूपीआयनं. भाव मी सगळ्याचे बघत बसत नाही. तेल, तूरडाळ, साखर, शेंगदाणे, तांदूळ, चहा. बिलाचा मोठा हिस्सा या पाच-सहा जिनसांतच जातो, म्हणून तेवढ्यांचे भाव आधी विचारते. जिऱ्या-मोहरीत चार रुपये इकडे-तिकडे झाले तर सोडून देते.

घरपोच देणारी ॲप मी काढून टाकलेली नाहीत. पाहुणे अचानक आले, कुणी आजारी पडलं, तर त्यांच्यासारखी सोय नाही. पण रोजच्या ब्रेड-कोथिंबिरीसाठी ती वापरायची नाहीत असं ठरवलंय. बिल उघडून बघा : वस्तूंच्या किमतीखाली घरपोच आकार, हाताळणी आकार, लहान ऑर्डरचा आकार अशा ओळी असतात. दीडशेच्या सामानावर हे लागले की ती कोथिंबीर फार महागात जाते.

तुम्ही सोय न सोडता कुठं वाचवता ते लिहा. सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, कुठलेही असा. फक्त भाव लिहिलात तर किलोचा लिहा, पाकिटाचा नको.

मिरज_जंक्शन

शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. तेलाचंच घ्या. एक लिटर खाद्यतेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. पूर्वी पिशवी म्हणजे लिटर किंवा अर्धा लिटर. आता तेवढीच दिसणारी, त्याच रंगाची पिशवी ८५० किंवा ८७० ग्रॅमची असू शकते, कारण ठरलेल्या मापातच पॅकिंग करायचं बंधन आता राहिलेलं नाही. त्याऐवजी पाकिटावर एककाचा भाव छापणं सक्तीचं झालंय. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात असतो : एक किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमचा, किलोच्या वरच्यावर किलोचा. ग्रॅमचा असेल तर हजारानं गुणायचं, झालं. मात्र तो एमआरपीवर काढलेला असतो. दुकानानं सूट दिली असेल तर हिशेब आपला आपण करावा लागतो.

समजा एक लिटरची पिशवी १५० ला आहे आणि शेजारची ८५० ग्रॅमची १४५ ला. हात आपसूक दुसरीकडं जातो. पण पहिली किलोला १६५ च्या आत पडते आणि दुसरी १७० च्या वर. एकावर मिलिलिटरचा भाव आणि दुसऱ्यावर ग्रॅमचा असेल तेव्हा तो ९१० चा आकडा कामाला येतो.

डब्याचंही तेच. १५ किलोचा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही. लिटरच्या डब्यात तेल असतं १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास. म्हणून "डबा केवढ्याला" हा प्रश्न नंतर, आधी "किलोचा की लिटरचा".

हरिपूर_रोड

+१. बिस्किटांचंही हेच. किंमत तीच राहते आणि पुड्यातलं वजन उतरतं.

कुपवाड_सेकंड_शिफ्ट

हे सगळं कुटुंबवाल्यांचं झालं. मी एमआयडीसीत कामाला, रूमवर आम्ही तिघं. पंधरा किलोचा डबा घेऊन ठेवायचा कुठं? रात्री शिफ्ट सुटल्यावर जे उघडं असेल तिथं खातो. आमच्यासारख्यांनी काय करायचं ते सांगा.

शाळूची_भाकरी

@कुपवाड_सेकंड_शिफ्ट, तुमच्यासाठी घडी वेगळी बसेल. किराण्यात फार काही हाती लागणार नाही, तो नाद सोडा. दर महिन्याला जे आपोआप जातं ते आधी बघा. मोबाइलचं रिचार्ज २८ दिवसांचं असेल तर वर्षात १२ नाही, १३ वेळा मारावं लागतं (२८ गुणिले १३ म्हणजे ३६४ दिवस). तिघांनी आपापल्या कंपनीचा वर्षाचा प्लॅन आणि २८ दिवसांचा प्लॅन गुणिले १३ असं समोरासमोर मांडून बघा. एकदम पैसे घालणं जड जात असेल तर निदान ३० दिवसांचा किंवा दर महिन्याच्या त्याच तारखेचा प्लॅन बघा. प्रत्येक कंपनीनं असा प्लॅन ठेवलाच पाहिजे हा ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) २०२२ चा नियम आहे. पुढं यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडा. बघायचं सोडलेल्या चॅनेलांचे पैसे तिथून जात असतात, आणि ते तिथंच बंदही करता येतात.

खाण्याचं म्हणाल तर रूमवर राइस कुकर, मूगडाळ-तांदूळ, एक डबा चटणी आणि शेंगदाण्याचा कूट ठेवा. रात्री अकराला आल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत खिचडी होते, ऑर्डर यायला त्याहून जास्त वेळ लागतो. रोज करा असं म्हणत नाही. आठवड्यातले निम्मे दिवस केलीत तरी महिन्याचा आकडा हलेल.

डंकावरची_चटणी

चटणीचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी तासगावची, नोकरी सांगलीत.

वर्षाची चटणी करणं हे आता जुन्या बायकांचं काम समजलं जातं. मला ती सगळ्यात मोठी सोय वाटते. उन्हाळ्यातल्या एका सुट्टीचं काम आहे, आणि मग वर्षभर संध्याकाळी घरी आल्यावर कांदा भाजा, खोबरं भाजा, वाटण काढा हे काही नाही. एक चमचा चटणी टाकली की आमटी तयार, उसळ तयार. बाजारात चकचकीत पाकिटात तयार मसाले मिळतात ते हेच काम करतात, फक्त शंभर-शंभर ग्रॅमच्या भावानं.

पैसे वाचतात ते हंगामात. मिरचीची आवक फेब्रुवारी ते एप्रिल जोरात असते, तेव्हाच घ्यायची. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी, प्रमाण घराघराचं. घेताना मूठभर मिरची कानाशी नेऊन हलवा, आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. मग एक मोडा. कडकन तुटली तर घ्या. चामड्यासारखी वाकली तर तिच्यात ओल आहे, म्हणजे मिरचीच्या भावानं पाणी विकत घेतोय आणि वर बुरशीची भीती. देठ काढलेली मिरची महाग दिसते पण देठाचं वजन त्यात नसतं. सगळा हिशेब काढून बघितला तर कधीकधी ती बरोबरीला येते, आणि नोकरीवालीनं तर तीच घ्यावी. देठं खुडण्यात जाणारा रविवारही मोजायला हवा. कडक उन्हात वाळवायची, धने-खोबरं-तीळ-खडा मसाला आपापला भाजायचा, आणि डंकावर (मिरची कुटायच्या यंत्रावर) स्वतः उभं राहून कुटून आणायची. कांदा-लसूण आम्ही शेवटी घालतो, परतून, पाणी पूर्ण आटवून. तिथं घाई केली की चटणी वर्ष काढत नाही.

हळदीचंही असंच. आपण हळदीच्या पेठेत राहतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि तरी आपल्यातलेच कितीतरी जण दोनशे ग्रॅमचं पाकीट घेतात. हंगामात राजापुरी हळकुंडं घ्या आणि दळून आणा. किलो-दीड किलोत चार माणसांचं वर्ष निघतं. बेदाण्याचंही तेच, नवा माल आल्यावर घेऊन फ्रीजमध्ये ठेवला की दिवाळीला धावावं लागत नाही.

गावभाग_घाटाजवळ

ताई, सगळं पटतं, पण वर्षाचं भरून ठेवा हा सल्ला नदीकाठच्यांना देताना जरा जपून. २०१९ ला आमचा तळमजला पाण्यात होता. वर्षाचा गहू, ज्वारी, डाळी, नुकतीच केलेली चटणी, सगळं तिथंच. गहू पाण्यात फुगला, आंबला, आणि पाणी ओसरल्यावर तो घरातून बाहेर काढणं हे चिखल काढण्यापेक्षा वाईट काम होतं. त्याचा वास अजून आठवतो. मग २०२१ ला परत पाणी.

आता आम्ही धान्य जुलै-ऑगस्टपर्यंत संपेल एवढंच उन्हाळ्यात भरतो आणि पुढचं गणपतीनंतर घेतो. भाव किलोमागं थोडा जास्त पडतो, पण एक पूर वाचवला तर दहा वर्षांची बचत आहे. जे ठेवायचं ते वरच्या मजल्यावर, आणि मोठ्या कोठीऐवजी दोन माणसांना उचलता येतील अशा डब्यांत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. आमच्याकडं पाणी ४० च्या दिशेनं चढायला लागलं की डबे वर न्यायला सुरुवात होते. दोनशे किलोची कोठी त्या गडबडीत कोण हलवणार?

डंकावरची_चटणी

अगदी बरोबर. हे मी लिहायलाच हवं होतं असं वाटतंय, कारण माझी मावशी हरिपूरला असते आणि २००५ च्या पुरात तिथल्या हळदीच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) पाणी शिरून काय झालं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. नदीकाठच्यांनी तीन-चार महिन्यांचंच भरावं. चटणी आणि हळद मात्र वर्षाची करा, दोन बरण्यांचा तर मामला. त्या कडेवर घेऊनही वर जाता येतं.

पहिल्यांदा_घर

एक विचारू का? वर्षाचा गहू ठेवला तर किडे होत नाहीत का? आमच्या शेजारच्या काकू पाऱ्याच्या गोळ्या टाका म्हणतात.

गावभाग_घाटाजवळ

पाऱ्याच्या गोळ्या अजिबात नकोत. पारा विषारी असतो, गोळी फुटली तर तो धान्यात पसरतो, आणि घरात लहान मूल असेल तर विषयच संपला. गोदामात धूर देण्याच्या ज्या गोळ्या असतात त्या तर घरात आणूच नका, त्यांच्या वायूनं माणसं दगावलेली आहेत. गहू कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा, पूर्ण गार होऊ द्या, मग घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. थरांमध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला. तूरडाळीला एरंडेलाचा हात. गरम गहू डब्यात भरला की आत घाम धरतो आणि कीड तिथूनच सुरू होते.

पेठेतला_दुकानदार

धागा रात्री वाचला, आवडला. काउंटरच्या आतल्या बाजूनं चार गोष्टी सांगतो.

पहिलं म्हणजे यादी कधी पाठवायची. पगाराच्या आठवड्यात, एक ते सात तारखेला, दुकानात उभं राहायला जागा नसते. तेव्हा आलेली यादी आम्ही भराभर काढतो, आणि जो ब्रँड हाताशी असेल तो जातो. तीच यादी बारा-पंधरा तारखेला आली तर आम्ही निवांत असतो. भावावर बोलता येतं, शेंगदाणे चाळून देता येतात, डाळीची नवी पोती फोडली असतील तर तसं सांगता येतं. तुमचा महिना एकपासून पंधरापर्यंत सरकवायला एकदाच दीड महिन्याचं सामान भरावं लागेल, पुढं कायमचा आराम.

दुसरं, घरपोच. महिन्यातनं एकदा चार-पाच हजारांची यादी असेल तर विश्रामबागेत पोच करायला मी काही घेत नाही, परवडतं. आठवड्यातनं तीन वेळा अर्धा-अर्धा किलो मागवलं तर कुणालाच परवडत नाही. मग ते पैसे कुठंतरी भावात येणारच. ॲपवाले तेच वेगळ्या ओळीत दाखवतात, एवढाच फरक.

तिसरं, सुटं आणि पाकीटबंद. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. २६ किलोचं तांदळाचं पोतं बाजारात आलं ते त्याच्यामुळं. दोन-तीन घरं मिळून एक पोतं घेतलंत तर मी वाटून वजन करून देतो. सुटं घेताना काट्यावर आधी रिकामी पिशवी ठेवून शून्य करायला सांगा, कुणी नाही म्हणणार नाही.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलेत, तूप-लोणी १२ वरून ५ वर. त्याआधीची यादी आणि बजेट डोक्यात धरून कुणी घेत असेल तर छापील किंमत पुन्हा एकदा बघा.

तूरडाळीबद्दल : नवी तूर जानेवारीपासून यायला लागते. दिवाळीच्या तोंडावर वर्षाची डाळ भरू नका, थोडं थांबा.

मिरज_जंक्शन

दुकानदार दादा, फार उपयोगी. एक विरुद्ध बाजू मांडतो. साबण, धुण्याची पावडर, भांड्यांचा साबण, टूथपेस्ट यात मोठ्या मार्टचा भाव अनेकदा कमी असतो. आम्ही धान्य-डाळ-तेल दुकानातून घेतो आणि ही न खराब होणारी कंपनीची वस्तू तिमाहीला एकदा मार्टमधून. यादी कागदावर लिहून नेतो आणि एकटा जातो, मुलांना नेत नाही. यादीबाहेरचं काही घ्यायचं नाही हे मार्टच्या दारात ठरवून उपयोग नसतो, ते घरीच ठरवावं लागतं.

पेठेतला_दुकानदार

खरं आहे, त्या मालात मी त्यांच्या भावाला पुरत नाही. जिथं स्वस्त मिळतं तिथं घ्या. डाळी-शेंगदाण्यात मी पुरतो.

निवृत्त_मास्तर

आमच्या वयाच्या घरात किराण्याच्या बरोबरीनं औषधांचं बिल असतं, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या कायमच्या असतात. सरकारी योजनेतल्या जनऔषधी केंद्रात त्याच घटकाची गोळी ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते, काही गोळ्या त्याहूनही स्वस्त. सोयीचा प्रश्न होता तो असा सोडवला : डॉक्टरांना चिठ्ठीवर ब्रँडबरोबर घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून द्यायला सांगितलं. त्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आहे. केंद्रात जायच्या आदल्या दिवशी फोन करून माल आहे का विचारतो, आणि दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणतो. घरी आल्यावर पट्टीवरचं नाव, मिलिग्रॅम आणि मुदत चिठ्ठीशी ताडून बघतो. डोस किंवा गोळी आपल्या मनानं बदलायची नाही, आणि बदल केल्यावर सुरुवातीला बीपी-शुगर तपासून घ्यायची. आमच्या डॉक्टरांनी हे स्वतः सांगितलं.

घरात मुली-सुना असतील तर त्याच केंद्रात सुविधा नावाचे पॅड एक रुपयाला एक मिळतात. संकोच न करता सांगा.

हरिपूर_रोड

वा मास्तर. विजेचं मी थोडक्यात सांगते. साधा जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी म्हणजे नवा, कमी वीज खाणारा पंखा ३० च्या आसपास. रोज १२ तास फिरला तर महिन्याला १६ युनिट वाचतात, एका पंख्यामागं. घरगुती दर १०० युनिटच्या पुढं एकदम चढतो, त्यामुळं वापर त्याच्या वर जात असेल तर वाचलेली युनिटं वरच्या, महागड्या दरातली असतात. एकदम सगळे बदलू नका. जो सगळ्यात जास्त फिरतो तो आधी. आणि महावितरणच्या बिलावर "या तारखेपर्यंत भरल्यास" अशी कमी रक्कम असते, ती तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा.

कुपवाड_सेकंड_शिफ्ट

रिचार्जचा हिशेब मांडला. तिघांचे तीन वेगळे प्लॅन निघाले, दोघांचे २८ दिवसांचेच. ऑटोपेत एक गाण्याचं ॲप चालू होतं, बंद केलं. कुकर बघतोय.

शाळूची_भाकरी

@पेठेतला_दुकानदार, यादी पंधरा तारखेला न्यायची कल्पना मला एकदम पटली. या महिन्यात दीड महिन्याचं भरते.

अजून एक विचार आलाय. विश्रामबाग, शंभर फुटी रस्ता, वानलेसवाडी या भागातली चार घरं तयार असतील तर तेलाचे १५ किलोचे डबे आणि २६ किलोचं तांदळाचं पोतं मिळून मागवू. पोच एकाच ठिकाणी होईल, माझ्याकडं वजनकाटा आहे. तांदूळ घ्यायचा तर इंद्रायणी घ्यायचा की कोलम, एवढं आधी ठरवू. आमच्याकडं दोन्ही चालतात.

पहिल्यांदा_घर

मी शंभर फुटीला. मला चार किलो कोलम आणि पाच किलो तेल चालेल, जास्त ठेवायला जागा नाही. आणि हळकुंडं नक्की कधी घेऊ?

मिरज_जंक्शन

तेल वाटून घेणार असाल तर रिकामे डबे आधी धुऊन पूर्ण वाळवून आणा. पाण्याचा थेंब राहिला तरी तेल लवकर खवट होतं.

डंकावरची_चटणी

@पहिल्यांदा_घर, होळीनंतर घ्या, तोवर नवा माल बऱ्यापैकी येतो. एक हळकुंड मोडून बघा. टणक असावं, तुटताना आवाज यावा आणि आतून गडद केशरी-पिवळं दिसावं. आतून पोकळ किंवा फिकट असेल तर पुढचं दुकान. दळायला जाताना गिरणीवाल्याला विचारा आधी तिखट दळलंय का. दळलं असेल तर पहिलं मूठभर पीठ बाजूला काढायला सांगा, नाहीतर मुलांच्या हळद-दुधात मिरची लागेल.